उडत्या पाणपक्ष्याची ढब

भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर पहिल्यांदा गेलेल्या पक्षिप्रेमीची तक्रार ठरलेली असते: पुस्तकात दाखवलंय तसं इथे काहीच दिसत नाही. तक्रार खरी आहे. पुस्तकातला चित्रबलाक एका कुशीवर उजेड घेऊन निवांत उभा असतो. पिवळी चोच, केशरी चेहरा, शेपटीजवळची गुलाबी पिसं सगळं जागच्या जागी. प्रत्यक्षातला चित्रबलाक अर्धा किलोमीटर लांब असतो, उन्हाच्या बाजूला असतो, त्याचं फक्त पोट दिसतं आणि पंधरा सेकंदांत तो बाभळींमागे निघून जातो. हातात उरते एक काळी आकृती.

अशा वेळी रंग शोधण्यात तो वेळ घालवू नये. सूर्य पक्ष्यामागे असेल तर पांढराशुभ्र बगळाही काळा दिसतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात राखी बगळा गुलाबी होतो आणि नवखा माणूस फ्लेमिंगो समजून ‘रोहित, रोहित’ म्हणून ओरडतो. उडण्याची तऱ्हा मात्र उजेडावर अवलंबून नसते. मान कशी धरली आहे, पंख कोणत्या ठेक्यात हलतात, पक्षी तरंगतो की राबतो, एकटा आहे की रांगेत, बोलका आहे की मुका, एवढं पाहिलं तर बहुतेक मोठे पाणपक्षी निदान कुळापर्यंत ओळखता येतात. पुष्कळदा जातीपर्यंतही जाता येतं.

कॅमेऱ्याने ही अडचण सुटत नाही, उलट वाढते असं माझं मत आहे. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा पंखांची प्रत्येक अवस्था टिपतो. पण पंख भराभर हलत होते की सावकाश, मधे थांबत होते की नाही, पक्षी गिरक्या घेत होता की नाकासमोर चालला होता, हे घरी जाऊन फोटोत शोधू म्हटलं तर सापडत नाही. म्हणून मोठा पक्षी उडताना दिसला की आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा, मग दुर्बीण लावा, आणि एवढं करून तो अजून समोर असेल तर खुशाल फोटो काढा. उडत्या पक्ष्यांसाठी आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण दहापटीच्या दुर्बिणीपेक्षा बरी. तिच्यात आकाश जास्त मावतं आणि हात हलला तरी निभावतं. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची असते. आधी दुर्बीण लावून मग आकाशात पक्षी हुडकायला गेलात तर तो हुकलाच म्हणून समजा. ही सवय घराच्या गच्चीवरून घारींवर करता येते, त्यासाठी धरणावर जायला नको.

सुरुवात मानेपासून करायची, कारण ती सगळ्यात लांबून दिसते. बगळ्यांचं अख्खं कुळ, म्हणजे राखी बगळा, जांभळा बगळा, मोठा बगळा, गायबगळा, वंचक, रातबगळा, उडताना मान मागे घेऊन खांद्यांत बसवतं. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांबट आणि वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळे मानेला तो नागमोडी बाक येतो. मासा दिसताच मान सपकन पुढे जाते ती याच रचनेमुळे, आणि उडताना तिची घडी घालता येते तीही याचमुळे. लांबून पाहताना बगळ्याचं डोकं थेट छातीवर बसवल्यासारखं वाटतं आणि गळ्याशी खाली एक बाक दिसतो. करकोचे, क्रौंच, सारस, रोहित, शराटी, चमच्या, पाणकावळे, कादंब आणि बदकं यांची मान मात्र पुढे ताणलेली असते. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

त्यातही एक खबरदारी हवी. नुकताच उठलेला बगळा पहिल्या काही झेपांत मान लांब ठेवतो. पाण्याच्या एका कडेवरून उठून पन्नास पावलांवर बसणार असेल तर ती आखडण्याच्या भानगडीत पडतच नाही. त्यामुळे उठताना दिसलेल्या पक्ष्यावर लगेच शिक्का मारू नका. त्याला उंची घेऊ द्या, मार्गाला लागू द्या, मग मान पाहा. उलट बाजूचे अपवाद दोनच लक्षात ठेवण्याजोगे. क्षत्रबलाक हा करकोच्यांच्या कुळातला असूनही बगळ्यासारखी मान आखडून उडतो. आणि झोळीवाला, म्हणजे पेलिकन, मान मागे घेऊन ती अवाढव्य चोच गळ्यावर टेकवतो. पण आपल्याकडे हे दोन्ही क्वचितच दिसतात, आणि दोघेही तासन् तास पंख न हलवता घिरट्या घालतात. बगळ्याला तेवढी चैन सहसा जमत नाही.

बगळ्यांतल्या बगळ्यांत राखी आणि जांभळा यांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. दोघेही मोठे, दोघेही गडद, दोघांचीही झेप संथ. राखी बगळा समोरून येत असेल तर पंखांच्या पुढच्या कडेवर, मनगटाच्या वळणापाशी, दोन फिकट ठिपके उठून दिसतात. जांभळ्याला ते नसतात. जांभळ्याच्या गळ्याचा बाक अधिक खोल आणि टोकेरी असतो. आणि त्याचे पाय पाहा: पंजे मोठे, बोटं फाकलेली, शेपटीच्या मागे विस्कटल्यासारखी दिसतात. पाणवनस्पतींवर चालणाऱ्या पक्ष्याला मोठी बोटं लागतात. उथळ पाण्यात उघड्यावर उभा राहणारा राखी बगळा आटोपशीर पायांवर भागवतो. जांभळा उठतोही बहुधा पाणकणसांतून किंवा बेशरमाच्या झुडपांतून, आणि लवकरच परत त्यांतच गडप होतो.

पायांचा प्रश्न मानेनंतर लगेच विचारावा. शेपटीच्या मागे पाय दिसतात का? बगळे, करकोचे, क्रौंच, रोहित, चमच्या यांचे स्पष्ट दिसतात. कादंब, चक्रवाक, पाणकावळे यांचे दिसत नाहीत. शराटींत इथेच एक उपयोगी फरक सापडतो. मोर शराटीचे पाय शेपटीपलीकडे जातात, काळ्या शराटीचे जात नाहीत. लांबून दोघेही काळेच दिसतात, चोच दोघांचीही खाली वाकलेली, त्यामुळे हा फरक वेळेला कामी येतो. काळा शराटी आडव्या बाजूने दिसला तर खांद्यावरचा पांढरा डागही दिसून जातो.

रोहिताची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तो एकदा नीट पाहिला की पुन्हा चुकत नाही. सरळ काठीच्या मधोमध पंख बसवावेत तसा तो उडतो. पुढे जेवढी मान, मागे जवळजवळ तेवढेच पाय, दोन्ही बारीक, आणि टोकाला चोचीचा जाड बाक. करकोच्याचं तसं नसतं. त्याचं अंग भरीव आणि चोच दणकट असल्याने पुढचा भाग जड वाटतो. रोहित पंख भराभर, उथळ मारतो आणि फारसा तरंगत नाही. लांब रांगेत किंवा वाकड्या ओळीत, कादंबांसारखा घोगरा आवाज करत जातो. पंखांवरचा लाल-काळा भाग दिसला तर आनंदच आहे, पण थव्यात मळकट करडी पिल्लंही असतात आणि त्यांना रंग नसतो. आकार आणि ठेका मात्र तोच. मुंबईकरांसाठी एक सोय आहे: ठाण्याच्या खाडीत हे सगळं वेळापत्रकाने पाहता येतं. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालेल्या आणि २०२२ साली रामसर यादीत गेलेल्या या खाडीत भरती चढली की चिखल बुडतो. मग रोहित थव्याथव्यांनी नवी मुंबईतल्या पाणथळींकडे उडतात आणि ओहोटी लागली की परततात. भरती-ओहोटीचा तक्ता पाहून गेलात तर उडते थवे समोरून जातील, त्यासाठी पक्ष्यांना उठवायची गरज पडणार नाही. मोठा रोहित आणि छोटा रोहित यांचा भेद मात्र उडत्या थव्यात करण्याचा अट्टहास धरू नये. दोन्ही एकत्र असतील आणि आकार शेजारी शेजारी दिसत असेल तरच बोलावं.

आता ठेका. एकटा पक्षी आकाशात असेल तर त्याचा आकार माणसाच्या नजरेला कळत नाही. जवळचा लहान आणि लांबचा मोठा सारखेच दिसतात. पंखांचा वेग मात्र आकार सांगून टाकतो, कारण साधारणपणे पक्षी जेवढा मोठा तेवढे त्याचे पंख सावकाश हलतात. राखी बगळ्याच्या पंखांचे ठोके मनातल्या मनात आरामात मोजता येतात. पंख वाकवून, खोलवर, एकसारखे. मोठ्या पाणकावळ्याचे ठोके त्याच्या सुमारे दुप्पट पडतात आणि मोजताना जीभ अडखळते. म्हणून पाणवठ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा ओळखीचा राखी बगळा निवडावा आणि त्याचे ठोके मोजून कान-डोळे बसवून घ्यावेत. त्यानंतर येणारा प्रत्येक पक्षी त्या मापाने जोखता येतो. वारा लक्षात ठेवा. जोराच्या वाऱ्याविरुद्ध जाणारा बगळाही घाईला येतो, आणि वारा पाठीशी असला की पाणकावळासुद्धा ऐसपैस वाटतो.

नुसत्या वेगाइतकाच थांब महत्त्वाचा. बगळा उतरायच्या वेळेपर्यंत पंख मारतच राहतो. पट्ट कादंबही तसाच, पण दमदार, चटपटीत पंखांनी. पाणकावळा बराच वेळ पंख मारतो, क्षणभर ताठ धरतो, पुन्हा मारायला लागतो, आणि हे सगळं पुष्कळदा पाण्याला घासून. शराटी चार-सहा ठोके मारून घसरतो, मग पुन्हा चार-सहा. रांगेत उडणाऱ्या शराटींत हे फार सुरेख दिसतं: पुढच्याने पंख थांबवले की त्याच्या मागचा थांबवतो, मग त्याच्या मागचा, आणि थांब ओळीतून शेवटापर्यंत सरकत जातो. पांढऱ्या शराटीचा थवा लांबून बगळ्यांचा वाटू शकतो. पण ताठ मान, काळं डोकं आणि हा थांबता ठेका त्याला बगळ्यांतून वेगळा काढतो. डोक्यावरून गेला तर पंखाखाली उघड्या कातडीची लाल पट्टीही दिसते. चमच्या तर पूर्ण पांढरा, त्यामुळे मोठ्या बगळ्याशी त्याची गल्लत होते. चोचीचं चपटं टोक दिसेलच असं नाही. मान ताणलेली, किंचित खाली झुकलेली, पंखांचे ठोके बगळ्यापेक्षा जलद आणि मधे छोटी घसरण, इतकं पुरेसं आहे.

क्रौंचांच्या पंखांना एक खास लकब असते. पंख खाली जाताना संथ जातो, वर येताना झटक्याने येतो. एकदा ही लकब डोळ्यांत बसली की करकोचा आणि क्रौंच यांचा गोंधळ होत नाही. मराठीत ‘कांड्या करकोचा’ नावाचा पक्षी प्रत्यक्षात क्रौंच कुळातला असल्याने या गोंधळाला नावाचीही मदत मिळते. हे कांड्या करकोचे हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर किंवा उजनीवर उतरतात. राजस्थानात खीचनला त्यांचे हजारोंचे थवे जमतात. सारस मात्र थव्याने लांबचा प्रवास करणारा नव्हे. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडारा भागातल्या भातशेतीत आणि तळ्यांवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच ठिकाणी उरला आहे. जोडीने किंवा जोडी आणि एखादं पिल्लू अशा कुटुंबाने दिसतो, कमी उंचीवरून एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातो. उभा राहिला तर माणसाएवढा. एवढं धूड जमिनीवरून उठायला काही पावलं धावतं. बगळा मात्र उभ्याउभ्या उडी मारून हवेत असतो. उठण्याची ही तऱ्हाही नोंदण्यासारखी आहे: करकोचा दोन-चार उड्या घेतो, रोहित पाण्यात धावतो, पाणकावळा पाण्यावर पाय आपटत जातो.

करकोच्यांसाठी घड्याळ हाच मोठा मदतनीस. भिगवणला येणारे बहुतेक जण पहाटे नावेत बसतात आणि नऊ-साडेनऊला पाण्यावरून उतरून मासे खायला जातात. करकोच्यांचा खरा कार्यक्रम तेव्हाच सुरू होतो. ऊन तापलं की जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते. या वर जाणाऱ्या हवेवर चित्रबलाक, मुग्धबलाक, पांढऱ्या मानेचा करकोचा पंख पसरून बसतात आणि एकही ठोका न मारता गोल गोल फिरत शे-दीडशे मीटर चढतात. पाणी जमिनीइतकं तापत नाही, म्हणून गरम हवेचे हे खांब धरणावर नव्हे, तर आसपासच्या नांगरलेल्या रानावर, माळावर, डांबरी रस्त्यावर उभे राहतात. तेव्हा दहाच्या सुमारास पाण्याकडे पाठ करा आणि शेतांवरचं आकाश पाहा. घारी फिरताना दिसल्या तर त्यांच्या वर नजर टाका. रुंद, सपाट धरलेले पंख, टोकाला फाकलेली पिसं, पुढे मान, मागे पाय, आणि कुठलीही घाई नाही: करकोचा. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. तिथल्या काठावरच्या रानात हे दृश्य सहज मिळतं.

खालून दिसणाऱ्या पंखांवरून करकोच्यांची जातही सांगता येते, कारण घिरट्या घालणारा पक्षी आपल्याला वेळ देतो. चित्रबलाकाचा पंख खालून काळा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. मुग्धबलाकाच्या पंखाचा पुढचा भाग पांढरा आणि मागची उड्डाणपिसं काळी. पांढऱ्या मानेच्या करकोच्याचा पंख खालून सगळाच काळा, मान मात्र लख्ख पांढरी. हिवाळ्यात चुकूनमाकून येणारा पांढरा करकोचा पंखांवरून मुग्धबलाकासारखा वाटेल, पण त्याचे पाय आणि चोच लाल असतात, आणि उन्हात वर चढताना तो लाल रंग दिसून जातो. रंगाचा उपयोग इथे आहे, पण शेवटी आणि एखाद्या खुणेपुरता.

रांगेबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. इंग्रजी व्ही आकाराचा थवा दिसला की तो कादंबांचा, असं पुष्कळजण धरून चालतात. संध्याकाळी पाणकावळेही तशी रांग करतात, शराटी करतात, चमचे आणि क्रौंचही करतात. या रचनेला कारण आहे. पुढच्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकामागे हवा थोडी वर उसळते. मागच्याने नेमकं तिथे पंख धरला तर त्याची मेहनत वाचते. उत्तरी टकल्या शराटीच्या १४ पक्ष्यांच्या पाठीवर नोंदयंत्रं बसवून, त्यांना छोट्या विमानामागे उडवून हे मोजलं गेलं आणि २०१४ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. पक्षी योग्य जागी तर उडत होतेच, शिवाय पंख मारण्याची वेळही पुढच्याशी जुळवून घेत होते. ज्यांना सतत पंख मारावे लागतात त्यांना ही बचत लाखमोलाची असते. गरम हवेवर फुकट चढणाऱ्या करकोच्यांना तिची तेवढी गरज नाही, म्हणून त्यांचा थवा विस्कळीत दिसतो.

तेव्हा रांग आहे एवढ्यावर थांबू नका, ती कशी वागते ते पाहा. पट्ट कादंबांची रांग बांधीव, वेगवान आणि बडबडी असते. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी ७ हजार मीटरच्या वरही नोंदला गेला आहे, त्यामुळे त्याच्या पंखांतला जोम उजनीवरच्या दोन किलोमीटरच्या फेरीतही लपत नाही. उतरताना तो अंग एका कुशीवर कलंडवून हवा सोडतो, झटक्यात उंची गमावतो, पुन्हा सावरतो. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दिसण्याआधी ही कलंडी दिसते. पाणकावळ्यांची रांग मुकी असते आणि सारखी मोडत-जुळत राहते. एखादा पुढे काढतो, दोघे खाली घसरतात. क्रौंचांची रांग गरम हवेचा खांब लागला की मोडते. सगळे गोल फिरत वर चढतात, आणि पुरेशी उंची आली की पुन्हा रांग धरून निघतात. हे मोडणं आणि जुळणं कादंबांत सहसा दिसत नाही.

पाणकावळ्याच्या नात्यातला तिरंदाज यात थोडा घोटाळा करतो. लांब शेपूट, बारीक मान, मानेत हलकासा बाक, आणि मधेच पंख पसरून तो चक्क घारीसारखा तरंगतो. पाणकावळा असं करत नाही. तरंगणारा, लांब शेपटीचा, काळा, पाय न दिसणारा पाणपक्षी म्हणजे तिरंदाज. शेपटीवर लक्ष असू द्या.

डोळ्यांनी जमेना तर कान उघडे ठेवा. करकोचे उडताना जवळजवळ मुकेच असतात. त्यांच्या स्वरयंत्राला आवाज घडवणारे स्नायू नसतात, म्हणून ते घरट्यावर चोची वाजवून बोलतात. क्रौंच याच्या अगदी उलट. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून असते, आणि तुतारीसारखा त्यांचा आवाज पक्षी दिसण्याच्या कितीतरी आधी पोचतो. उंच उडणारा, मान ताठ असलेला मोठा थवा गोंगाट करत असेल तर तो करकोच्यांचा नव्हे. उठताना चिडल्यासारखा घशातून ‘क्रांक’ म्हणणारा राखी बगळा. नाकातून ‘आंग, आंग’ करत जाणारी नारिंगी जोडी चक्रवाकाची. उडताना सतत शिट्टी वाजवणारी, पाठीला पोक काढलेली, मान किंचित खाली सोडलेली बदकं म्हणजे अडई. अडईचे पाय शेपटीमागे दिसतात, बदकांत ही गोष्ट वेगळी आहे.

संध्याकाळी दिशा पाहा. सूर्य मावळायच्या वेळी गायबगळे, मोठे बगळे, शराटी, पाणकावळे रातथाऱ्याकडे परततात. त्याच वेळी, किंवा थोडं नंतर, रातबगळे त्याच झाडांवरून बाहेर पडतात. बाकीचे येतात तेव्हा हा निघतो. मान नसल्यासारखं जाड, आखूड अंग, जरा लगबगीचे पंख आणि मधून मधून भसाडा ‘क्वॉक’. पुण्या-मुंबईत नदीकाठच्या किंवा तलावाकाठच्या कोणत्याही रातथाऱ्याखाली उभं राहिलं तरी ही अदलाबदल पाहता येते. उडत्या पक्ष्यांचा सराव करायला याहून सोपी आणि स्वस्त जागा नाही. नाशिककरांना तर नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यापाशी हे सगळं एकाच संध्याकाळी मिळतं. २०२० साली रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण.

उडताना पाहायचे म्हणून पक्षी उठवू मात्र नका. नाव थव्यात घालायला सांगणारे आणि नावाड्याने ऐकलं नाही तर स्वतः टाळ्या वाजवणारे लोक आता दर सुट्टीला दिसतात. पाण्यावरून उठणं हे मोठ्या पक्ष्याच्या दिवसातलं सगळ्यात खर्चाचं काम असतं. चरायच्या वेळेत चार-पाच वेळा उठवलेला थवा उपाशी राहतो किंवा जागा सोडतो. शिवाय घाबरून उठलेला पक्षी आपल्या नेहमीच्या चालीने उडत नाही: बगळा मान लांब ठेवतो, रोहित रांग धरत नाही, कादंब चौफेर पांगतात. त्याला पाहून आपण शिकतो ते चुकीचं. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की लांबच थांबायचं. भाडं तेवढंच द्यायचं असतं.

वहीत नोंद करताना क्रम ठेवा: वेळ, सूर्य कोणत्या बाजूला, मान, पाय, ठेका आणि थांब, तरंगतो का, रांग आणि तिचं वागणं, आवाज, कुठून कुठे गेला. रंग सगळ्यात शेवटी, आणि खात्री असेल तरच. नाव लगेच सुचलं तरी हे सगळं लिहा, नाव मागाहून बदलतं, निरीक्षण बदलत नाही. जात ठरली नाही तर ‘करकोचा, जात निश्चित नाही’ एवढंच लिहून पुढे जा. ई-बर्डवरही अशी नोंद रीतसर घेतली जाते, आणि अंदाजाने लिहिलेल्या दुर्मीळ नावापेक्षा ती कितीतरी उपयोगाची ठरते.